पिवळ्या दिव्याची जबानी

पहिल्यांदा तो दिवा लागला तेव्हा मी बघून न बघितल्यासारखं केलं. डॅशबोर्डवरचे लाल दिवे वेगळे. तेलाचा दाब गेला किंवा इंजिन उकळायला लागलं की लाल दिवा लागतो आणि माणूस मुकाट्याने गाडी बाजूला घेतो. चेक इंजिनचा दिवा पिवळा असतो आणि पिवळ्याशी घासाघीस करता येते. गाडी चालतेय ना? पिकअप आहे ना? मग बघू रविवारी.

त्या सकाळी गाडी सुरू केल्यावर जराशी थरथरली होती. आवाजात फार फरक नव्हता, पण स्टेअरिंगवर टेकलेल्या तळव्यांना ती थरथर कळली. दोन-तीन मिनिटांत थांबलीही. दिवा मात्र राहिला. आज हे मी मोठ्या नेमकेपणाने लिहितोय. त्या दिवशी डोक्यात एवढंच होतं, की दिवा लागलाय आणि तो घालवायचा.

स्कॅनर माझ्याकडे होता. काडेपेटीएवढा, फोनशी ब्लूटूथने जोडता येणारा, हौसेने घेतलेला आणि कधीही न वापरलेला. स्टेअरिंगखाली, गुडघ्याच्या जरा वर, सोळा पिनांचा सॉकेट असतो. आठ-आठच्या दोन ओळी आणि कडा तिरक्या, म्हणजे प्लग उलटा बसायलाच नको. चौथी आणि पाचवी पिन अर्थिंगची, सोळावीवर बॅटरीचे बारा व्होल्ट कायम, आणि सहावी-चौदावी या जोडीवरून हल्लीच्या गाड्यांमधले कंट्रोलर, म्हणजे छोटे कंप्युटर, एकमेकांशी बोलतात. स्कॅनर लावायचा म्हणजे त्या बोलण्याला आपला कान लावायचा. मी लावला. दोन ओळी आल्या.

पी०३०१. पी०१७१.

या कोडांना स्वतःचं व्याकरण आहे आणि ते एकदा कळलं की निम्मी भीती जाते. पहिलं अक्षर विभागाचं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी, आणि यू म्हणजे कंट्रोलरांचा आपसातला अबोला. दुसरी जागा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. तिसरा आकडा उपविभाग सांगतो. एक म्हणजे हवा-पेट्रोलचं मोजमाप, तीन म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, चार म्हणजे धूर कमी करणारी यंत्रणा. शेवटचे दोन नेमका मुद्दा. तेव्हा माझ्या दोन ओळींचा अर्थ असा होता: पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही, आणि मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजच्या भाषेत, गाडी एक नंबरला मिस मारतेय आणि लीन चाललीय.

आणि मग मी ते बटण दाबलं. ‘सर्व कोड व संबंधित माहिती पुसली जाईल. पुढे जायचं?’ असं अ‍ॅपने विचारलं. मी हो म्हटलं. संबंधित माहिती म्हणजे कोणती, हा प्रश्न मनाला शिवलाही नाही. दिवा गेला. मी स्कॅनर काढून खिशात टाकला आणि हात झटकले. यंत्र दुरुस्त केल्याचा तो खोटा आनंद ज्यांनी घेतलाय त्यांना तो काय चवीचा असतो हे सांगायला नको.

पाच दिवसांनी दिवा परत लागला.

आता मी गंभीर झालो, म्हणजे बॉनेट उघडलं. मिसफायर एक नंबरला असेल तर संशय आधी ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉईलवर, मग ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर, मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर. याची एक सुंदर चाचणी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. एक नंबरची कॉईल काढून तीन नंबरवर बसवायची, तीनची एकवर. कोड पी०३०३ झाला तर कॉईल खराब. एकवरच राहिला तर कॉईल निर्दोष. मी हे केलं आणि आधीचा कोड पुसून वाट पाहिली. मिसफायर एक नंबरवरच राहिला. मग चारही प्लग नवे टाकले. जुने प्लग नव्यांच्या खोक्यात भरून फडताळात ठेवून दिले. माळ्यावर वस्तू साठवणाऱ्या घराण्यातला असल्यामुळे ते फेकले गेले नाहीत, एवढंच माझं कर्तृत्व.

कोड पुन्हा आला. दोन्ही.

मग एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी त्यांचा मोठा स्कॅनर लावला, माझ्या छोट्याने सांगितलं तेच वाचलं आणि म्हणाले, लीन दाखवतोय, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. मी मान हलवली. लीन कोण सांगतो? ऑक्सिजन सेन्सर. मग चुकत असेल तर तोच. सेन्सर बदलला, कोड पुसला, आणि पुढचे सहा दिवस दिवा लागला नाही. त्या सहा दिवसांत मी किती जणांना ऑक्सिजन सेन्सरबद्दल ऐकवलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. सातव्या दिवशी सकाळी पिवळा दिवा होता तिथेच होता.

माझी ताई इंजिनांच्या कॅलिब्रेशनमध्ये काम करते. इंजिन बनवून झालं की त्याच्या कंप्युटरमध्ये हजारो आकडे भरावे लागतात: किती आरपीएमला किती पेट्रोल, किती गारठ्यात ठिणगी किती आधी, आणि नेमकं किती बिघडलं की पिवळा दिवा लावायचा. हे आकडे ठरवणाऱ्या माणसांपैकी ती एक. तिला मी आधी विचारलं नव्हतं, कारण तिला काहीही विचारलं की ती आधी प्रश्न विचारते.

“ताई, ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला तरी परत एकशे एकाहत्तर आलाय.”

“सेन्सर का बदललास?”

“लीन दाखवत होता म्हणून.”

“म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच घरी पाठवलंस. फ्रीज फ्रेममध्ये काय होतं?”

मी गप्प.

“पुसलीस?”

“हो.”

“किती वेळा?”

“तीनदा. गॅरेजवाल्यांनी एकदा.”

“शाब्बास,” ती म्हणाली. आमच्या घरात हा शब्द कौतुकासाठी क्वचितच वापरला जातो.

मग तिने जे सांगितलं ते मी आजवर वाचलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा सोपं होतं. कंप्युटरला बिघाड दिसत नाही. त्याला काही तारांवरचे व्होल्ट दिसतात आणि दातेरी चाकाचे दात मोजता येतात. त्याने काय पाहिलं, तेवढंच कोडमध्ये असतं. मिसफायरचंच घे. सिलिंडरमध्ये काय जळलं आणि काय नाही हे बघायला आत कुणी बसलेलं नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे ते दातेरी चाक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरचा धक्का मिळतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, समज ८०० आरपीएमला, दोन धक्क्यांमध्ये साधारण ३७ मिलिसेकंद जातात. एक धक्का चुकला की चाक तेवढ्यापुरतं मंदावतं आणि पुढचा दात किंचित उशिरा येतो. त्या उशिरावरून कंप्युटर ठरवतो, की एक नंबरने काम केलं नाही. रस्ता फार खडबडीत असेल तर गाडीच्या चाकांकडून येणाऱ्या हादऱ्यांमुळेही दात मागे-पुढे होतात, म्हणून अशा रस्त्यावर ही तपासणी थांबवून ठेवायची सोयही करावी लागते. ३७ मिलिसेकंदांतला तो बारीकसा उशीर माझ्या तळव्यांना थरथर म्हणून कळला होता.

आणि ऑक्सिजन सेन्सर? त्याच्या नावातच सगळं आहे. त्याला पेट्रोल कळत नाही. धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही एवढंच त्याला कळतं. साध्या जातीचा सेन्सर ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास देतो, उरला नसेल तर ०.९ च्या आसपास, आणि ०.४५ ला मधली रेघ. एका सिलिंडरने पेट्रोल जाळलंच नाही, तर त्याच्या वाट्याचा सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. सेन्सर म्हणतो, लीन. खरं तर त्या सिलिंडरमधून पेट्रोलही न जळता बाहेर पडलेलं असतं, पण ते सेन्सरच्या खात्यात नाही.

म्हणजे मिसफायरमुळे लीनचा कोड येऊ शकतो. आणि मिश्रण फार लीन झालं तर ते पेटत नाही, म्हणजे लीनमुळे मिसफायर येऊ शकतो. बीजवृक्षन्याय. दोन कोड एकदम आले की त्यातला कोण बाप आणि कोण मुलगा हे कोडावरून कळत नाही. ते कळायला हवी होती ती ‘संबंधित माहिती’, जी मी हो म्हणून पुसली होती.

फ्रीज फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाचं टिपण. इंजिन किती आरपीएमवर होतं, गाडीचा वेग किती, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, किती तापलं होतं, इंजिनावर लोड, म्हणजे भार, किती, पेट्रोलचं प्रमाण किती वाढवून-कमी करून चाललं होतं, हे सगळे आकडे त्या एका क्षणाला गोठवून ठेवलेले. कोड पुसला की टिपणही जातं. इतकंच नाही, गाडीने स्वतःच्या ज्या ज्या यंत्रणा तपासून पूर्ण केल्या होत्या त्यांच्यापुढची ‘पूर्ण’ ही खूणही जाते आणि सगळं मूल्यमापन पहिल्यापासून सुरू होतं. जागेचा पंचनामा व्हायच्या आधी मी चार वेळा फरशी धुवून घेतली होती.

“आता परत येईल तेव्हा हात लावू नकोस,” ताई म्हणाली. “फोटो काढ आणि मला पाठव.”

झालं, त्या दिवसापासून मी दिव्याची वाट बघायला लागलो. तीन आठवडे ज्याला घालवायला धडपडत होतो, तो आता येईना. याचंही कारण आहे. असे बहुतेक कोड एका फेरीत, म्हणजे गाडी सुरू करून बंद करेपर्यंतच्या एका खेपेत, पक्के होत नाहीत. पहिल्या फेरीत दोष दिसला तर कंप्युटर तो ‘पेंडिंग’ म्हणून मनात ठेवतो, पुढच्या फेरीतही दिसला तर पक्का करून दिवा लावतो. एकदा घडलेली गोष्ट योगायोगही असू शकते, एवढी समजूत त्या डब्यात भरून ठेवलेली आहे. सेन्सर बदलल्यावरचे माझे ते विजयाचे सहा दिवस म्हणजे पुसलेली पाटी, ही दोन फेऱ्यांची रीत आणि योगायोगाने उबदार निघालेल्या दोन-चार सकाळी. सेन्सरने काही केलं नव्हतं. चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिली होती, आणि संन्यासी गेल्यावर चोराने आठवडाभर सुट्टी घेतली, एवढंच.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. हा दिवा स्थिर जळत असेल तर माझ्यासारखं वाट बघत बसायची चैन परवडते. लुकलुकत असेल तर नाही. लुकलुकणं म्हणजे मिसफायर इतका जोरात चाललाय, की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या रस्त्यातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. तेव्हा पाय हलका करायचा आणि सोय होईल तिथे गाडी थांबवायची.

वाट बघताना मी या दिव्याचं कूळ शोधत बसलो. मला वाटत होतं, हा दिवा इंजिनाच्या प्रकृतीसाठी आहे. मूळ हेतू तो नाही. मूळ हेतू हवेचा. लॉस एंजेलिसवर साचणारं धुरकं कशाने होतं हे १९५० च्या सुमारास एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं: गाड्या आणि तेलशुद्धीकरणातून निघणारी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांवर ऊन पडलं की ते तयार होतं. गंमत म्हणजे त्याआधी हे गृहस्थ अननसाच्या वासावर काम करत होते. पुढे कॅलिफोर्नियाचं हवेच्या नियंत्रणाचं मंडळ झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षही तेच होते. या मंडळाच्या नियमांतून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी ही सक्ती आली. आधी, १९८० च्या दशकात, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. काही गाड्यांत तर सॉकेटच्या दोन पिना तारेने जोडल्या की हाच दिवा लुकलुकून कोड सांगायचा. एकदा, जरा थांबून दोनदा, म्हणजे बारा. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एकच सॉकेट आणि एकच कोडावली सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ मध्ये लागू झाली.

म्हणून अमेरिकेच्या मूळ नियमांत पुष्कळशा तपासण्यांची मर्यादा धुरावरून ठरली: ठरलेल्या प्रमाणाच्या साधारण दीडपट धूर होईल इतका बिघाड दिसला की दिवा लावा. याचा एक विचित्र परिणाम आहे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट लागलं नाही तरी वाफ गळते म्हणून काही गाड्यांत दिवा लागतो, आणि बेअरिंग झिजून इंजिन खडखडत असलं तरी धूर ठीक असेल तर दिव्याला त्याचं काही नाही. कोड नाही म्हणजे इंजिन निरोगी, असं ज्यांना वाटतं त्यांनी अधूनमधून बॉनेट उघडून नुसते कान द्यावेत.

नवव्या दिवशी दिवा लागला. मी आनंदाने अक्षरशः टाळी वाजवली. शेजारून जाणाऱ्याने वळून बघितलं.

टिपण असं होतं. आरपीएम ८४२. वेग ०. लोड २७ टक्के. कूलंट २४ अंश. शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम अधिक २१.१, लाँग टर्म अधिक १०.९.

फ्युएल ट्रिम ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पेट्रोलचं पूर्ण ज्वलन व्हायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. कंप्युटर आत येणारी हवा मोजतो, हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि ऑक्सिजन सेन्सरला विचारतो, जमलं का? सेन्सर लीन म्हणाला तर थोडं वाढवतो, उलट म्हणाला तर थोडं कमी करतो. ही चटकन केलेली दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म. रोजच तेवढी दुरुस्ती लागतेय असं दिसलं की ती सवय म्हणून लिहून ठेवतो, ती लाँग टर्म. घरात रोज येणाऱ्या पाहुण्याचं पान न विचारता मांडलं जातं, तसं. दोन्ही मिळून पाच-सात टक्के इकडे-तिकडे असेल तर कुणी चिंता करत नाही. माझ्या गाडीत बत्तीस टक्के जास्त पेट्रोल ओतलं जात होतं आणि तरीही सेन्सर म्हणत होता, कमी पडतंय.

फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन.

“कूलंट किती आहे वाच.”

“चोवीस.”

“आणि वेग?”

“शून्य.”

“म्हणजे गार इंजिन, गाडी उभी, आयडलला. आणि तू आजवर बॉनेट कधी उघडलंस?”

मी विचार केला. संध्याकाळी, कामावरून आल्यावर. रविवारी, एक फेरफटका मारून इंजिन गरम करून. गॅरेजला गेलो तो दुपारी, अर्धा तास गाडी चालवून. प्रत्येक वेळी इंजिन तापलेलं. प्रत्येक वेळी ते शहाण्यासारखं चाललेलं. रोग सकाळी येऊन जायचा आणि वैद्याची वेळ दुपारची.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच खाली उतरलो. रात्रभर गाडी गार झालेली. स्कॅनर लावला, फोनवर ट्रिमचा आलेख उघडला आणि मगच सेल्फ मारला. इंजिन थरथरलं. ऑक्सिजन सेन्सरच्या आत त्याला तापवणारी तार असते, त्यामुळे पाऊण-एक मिनिटात तो बोलायला लागला, आणि शॉर्ट टर्म चढू लागली. बारा, सतरा, बावीस. ताईने सांगितल्याप्रमाणे मी हळूच रेस दिली आणि २५०० आरपीएमवर धरून ठेवली. आकडा उतरायला लागला. पंधरा, नऊ, सहा. रेस सोडली, परत बावीस.

हे बघताना मला जो हर्ष झाला तो अगदी शाळकरी होता, कारण यामागचं गणितही शाळकरी आहे. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो. त्याच्या पुढे कुठेतरी भोक असेल तर तिथून आत शिरणारी हवा मोजलीच जात नाही. आयडलला सेन्सरने सेकंदाला अडीच ग्रॅम हवा मोजली आणि भोकातून अर्धा ग्रॅम शिरली, तर पेट्रोल वीस टक्के वाढवावं लागतं. रेस दिली, सेन्सरने नऊ ग्रॅम मोजली, भोक तेवढंच, त्यातून येणारी हवा साधारण तेवढीच. आता ही वाढ जेमतेम साडेपाच टक्के. उलट पेट्रोल पंप अशक्त असता, तर मागणी वाढेल तसा तुटवडा वाढला असता. एका पायाच्या हालचालीने पंप सुटला आणि भोक पकडलं गेलं. हा प्रकार सेन्सर बदलण्याआधी करता आला असता. त्याला पानासुद्धा लागत नाही.

राहिला प्रश्न भोक कुठे, आणि ते एकाच नंबरला का छळतंय. यावेळी मला स्वतःहून फडताळ आठवलं. वर जाऊन जुने प्लग काढले आणि फरशीवर ओळीने मांडले. प्रत्येकावर काढतानाच मार्करने नंबर घातला होता. दोन, तीन, चार: टोकाला फिकट तपकिरी. एक: पांढरट, खडूसारखा. लीन जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग असाच दिसतो. तीन आठवड्यांपूर्वी हाच प्लग मी हातात धरला होता, फुंकर मारली होती, आणि खोक्यात टाकला होता. माझ्या हातात पुरावा होता आणि मी त्याच्यावर फुंकर मारली होती!

म्हणजे भोक सगळ्यांच्या सामाईक रस्त्यावर नव्हतं, एक नंबरच्या दाराशीच होतं. हवा चारही सिलिंडरना वाटून देणारा जो इनटेक मॅनिफोल्ड, त्याचं एक नंबरचं तोंड जिथे इंजिनाला टेकतं, तिथे. असे लीक शोधायला पुष्कळ लोक ज्वालाग्राही स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का बघतात. चालू इंजिनावर तसलं काही उडवायचं धाडस माझ्यात नाही आणि कुणाला सुचवणारही नाही. मी झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिन, वायरी आणि कप्लर टाळून, मॅनिफोल्डच्या सांध्यावर बारीक फवारा. चार नंबर, काही नाही. तीन, काही नाही. दोन, काही नाही. एक नंबरवर फवारा पडला आणि ‘फुस्स’ असा ओढून घेतल्याचा आवाज आला. थरथर थांबली. फोनवर बावीसचे नऊ झाले. पाण्याने दोन-चार सेकंद ते भोक बुजवलं होतं. पाणी ओढलं गेलं, आकडा परत वर, थरथर परत सुरू.

मॅनिफोल्ड काढायला माझी सकाळ गेली, आणि बोटांची थोडी सालपटंही. त्यातलं सांगण्यासारखं फार नाही. बोल्ट सगळे हाताला येत नाहीत आणि जो येत नाही तोच सर्वांत घट्ट असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. गॅस्केट म्हणजे खाचेत बसणारं रबराचं कडं. दोन, तीन, चार नंबरची कडी नखाने दाबली तर दबत होती. एकचं दबत नव्हतं. चपटं, कडक, चकाकणारं. गार असताना ते आक्रसून कडेने हवा आत घ्यायचं, आणि दोन-तीन मिनिटांत आजूबाजूचं धातू-प्लास्टिक तापून फुगलं की फट मिटायची. थरथर थांबायची. पहिल्या सकाळी माझ्या तळव्यांनी बरोब्बर हेच नोंदवलं होतं, वेळेसकट.

चारही कडी नवी टाकली. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्याने. अंदाजाने आवळायची खुमखुमी होती, पण मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असतो आणि तो माझ्यासारख्यांच्या खुमखुमीने तडकतो.

मग ताईला फोन केला. “झालं. आता कोड पुसू?”

“कशाला?”

“दिवा आहे ना अजून.”

“राहू दे की. आपणच जाईल.”

हे मला ठाऊकच नव्हतं. ज्या परिस्थितीत दोष सापडला होता तशाच परिस्थितीत, ओळीने तीन फेऱ्यांत तो दिसला नाही, की कंप्युटर स्वतःच दिवा मालवतो. पहिल्या सकाळी इंजिन गुळगुळीत चाललं, दिवा होता. दुसऱ्या सकाळी होता. तिसऱ्या सकाळी होता. हात शिवशिवत होते, स्कॅनर खिशातच होता. चौथ्या सकाळी किल्ली फिरवली, नेहमीप्रमाणे सगळे दिवे एकदम लागले, सेल्फ मारला, सगळे गेले. पिवळाही. मी गिअर न टाकता तसाच बसून राहिलो. लाँग टर्म अधिक १०.९ वरून अधिक २.३ वर आली होती. इतके दिवस जास्तीचं पान मांडायची सवय लागलेला तो डबा हळूहळू ती मोडत होता.

दिवा गेला तरी कोड आठवणीत राहतो. चाळीस वेळा इंजिन नीट तापून निघालं, म्हणजे कूलंट सुरुवातीपेक्षा किमान २२ अंशांनी वाढून ७० च्या वर गेलं, आणि तेवढ्या काळात दोष परतला नाही, की मगच तो नोंदीतून उतरतो. मी कॅलेंडरवर रेघा मारतोय. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुला दुसरे उद्योग नाहीत का?”

आज तेविसावी.